भोंग्यावर सांगितलेली रांग

निवडणुकीत तू नेमकं काय करत होतीस, असं कोणी विचारलं की मी "टायपिंग" म्हणून सांगते. उत्तर सोयीचं आहे. त्यानंतर पुढचा प्रश्न येत नाही.

खरं काम जरा जास्त होतं. उमेदवाराचं पत्रक, व्हॉट्सॲपवरचे निरोप, कोपरा सभेतल्या भाषणाचे मुद्दे, फोटोखालच्या ओळी आणि रिक्षावरच्या भोंग्यातून जे काही ऐकू येतं ते सगळं लिहिणारी मी. आमच्या शहरात हे काम मी एका पतपेढीच्या पॅनेलपासून एका विधानसभेपर्यंत केलं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलायची आणि परीक्षेत घाबरायची भाषा होती. त्यामुळे माझी वाक्यं लहान असतात. प्रचारात हाच गुण ठरला. भोंग्याची रिक्षा हलत असते. लांब वाक्य एका गल्लीत सुरू होतं आणि पुढच्या गल्लीत संपतं. निम्मं एकाला कळतं, निम्मं दुसऱ्याला.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

गेल्या महापालिका निवडणुकीत मी वत्सला सिस्टरांकडे होते. त्यांचं हे खरं नाव नाही, इथली सगळीच नावं मी बदलली आहेत आणि प्रभागही सांगत नाही. पश्चिमेकडचा आहे, एवढं पुरे. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. प्रभागातल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनी दिलेलं, त्यामुळे प्रचाराला दारात उभ्या राहिल्या की काही तरुण मतदार आपोआप मागे सरकायचे. अपक्ष होत्या. निशाणी कपबशी मिळाली. त्याचा परिणाम असा की प्रत्येक घरात कपबशीतूनच चहा मिळायचा आणि नाही म्हणायची सोय नव्हती. बाकीच्या गल्ल्यांत बायका निरांजन घेऊन औक्षण करायच्या, सिस्टरांच्या स्वतःच्या गल्लीत जयभीम आणि फुलं. चहा दोन्हीकडे.

प्रचार सांभाळायला त्यांचा भाचा बाळूभाऊ होता. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसांचे फ्लेक्स करून करून त्याला प्रभागातल्या प्रत्येक घरातलं राजकारण पाठ. मला तो पहिल्या दिवसापासून "कॉन्व्हेंट मॅडम" म्हणायचा.

"मॅडम, एक ध्यानात ठेवा. एक प्रभाग, एक पत्रक, असं नसतं. गल्लीपरमाणं पत्रक असतंय."

हे या धंद्याचं मुख्य तत्त्व आहे. एका गल्लीला ड्रेनेज हवं असतं, दुसरीला सभामंडप, तिसरीला व्यायामशाळा. तिन्ही वचनं एका कागदावर आली की तिन्ही गल्ल्या म्हणतात, आपल्यापेक्षा त्यांना जास्त दिलं. म्हणून कागद वेगळे. एका गल्लीत तर समोरासमोरच्या दोन घरांना वेगवेगळी पत्रकं द्यावी लागली. एका काकांना दारासमोरचा गतिरोधक काढून हवा होता, कारण स्कूटरवरून जाताना त्यांची कंबर दुखायची. समोरच्या काकांना तो आणखी उंच हवा होता, कारण हे काका जोरात जायचे. मी दोघांना लिहून दिलं, "गतिरोधकाचा योग्य विचार केला जाईल." दोघांनीही मत देतो म्हणून सांगितलं.

नगीनाची भेट अशाच घरभेटींत झाली. प्रभागाच्या टोकाला एका गल्लीत काही तृतीयपंथी राहतात, त्यांची ती प्रमुख. पन्नाशीची, भारदस्त, ओठांवर कायम पान. बाळूभाऊ गल्लीच्या तोंडाशीच थांबला.

"मावशी, तिकडं नको. फोटो निघाला तर समोरचे फिरवतेन."

"तर मग फोटो चांगला काढ," सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

नगीनानं ओवाळलं, मोठ्यानं दुआ दिली आणि खुर्चीवर बसताना पाय जरा जपून ठेवला. तेवढं सिस्टरांना पुरलं. प्रचार तिथेच संपला. त्यांनी तिला साडी वर घ्यायला लावली. घोट्याजवळ पट्टी होती, जुनी, घट्ट आणि वास येणारी.

"शुगर आहे का?"

"है ना. लई दिवसांची है."

"ड्रेसिंग कोण करतं?"

"मैं करती. मेडिकलवाला औषध देतो."

"आरोग्य केंद्र चालत जायच्या अंतरावर आहे. रोज फुकट ड्रेसिंग होतं. तिकडं कामून नाही जात?"

नगीना हसली. "सिस्टर, रांगेचा झोल है. एक बायांची, एक मर्दांची. बायांच्या रांगेत उभी राहिले तर बाया बोंबलतात. मर्दांच्या रांगेत राहिले तर पोरं चिमटे काढतात. वॉचमन बिचारा मेरेकू इधर से उधर, उधर से इधर. एक दिन मैं दोनों के बीच में उभी राहिले. तर तो म्हणतो, अम्मा, इथून गाडी येते."

सगळे हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली, पर्समधून कापूस काढला (त्यांच्या पर्समध्ये पत्रकांपेक्षा कापूस जास्त असायचा) आणि जखम साफ करायला बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "रोज ड्रेसिंग झालं नाही तर हिचा पाय जाईल. अंगठ्यापासून सुरू होतं. मी पाहिलंय."

त्याच आठवड्यात शहरातल्या काही तरुण मुलामुलींनी सगळ्या उमेदवारांना प्रश्न पाठवले. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या हक्कांबद्दल आणि आरोग्याबद्दल तुमची भूमिका काय, असे. प्रश्न इंग्रजीत होते. बहुतेक उमेदवार असल्या प्रश्नांना "सर्वांना सोबत घेऊन चालू" असं एका ओळीत उत्तर देतात. ती ओळ माझ्याकडे तयार होती. पण सिस्टर म्हणाल्या, सगळं वाचून दाखव, मराठीत.

मी वाचून दाखवलं. त्यांनी एलजीबीटी या अक्षरांचा अर्थ विचारला, मी जमेल तसा सांगितला. आयुष्यात एवढं अवघड भाषांतर मी केलं नव्हतं, कारण माझे कान लाल झाले होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे नावं नवी. माणसं दवाखान्याच्या वॉर्डात आधीपासून यायची. लिही."

एचआयव्हीच्या तपासणीबद्दल त्यांनी सांगितलं, "तपासणीची खोली मागच्या दाराला नको. मागून बोलावलं की माणूस येत नाही. पुढूनच यावं, पण नाव पुकारू नका, नंबर पुकारा." कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल म्हणाल्या, "शिकवा, पण आधी हसायचं बंद करायला शिकवा." मग लग्नाचा प्रश्न आला.

"तो कायदा दिल्लीत. नगरसेवकाच्या हातात गटार असतं. पण एक सांगते. एकदा एक पोरगा अपघातात आला. त्याच्यासोबत एक जण होता, एकाच खोलीत राहायचे. त्याच्या शर्टाला रक्त तसंच. ऑपरेशनला नातेवाइकाची सही पाहिजे. डॉक्टर विचारतात, तुम्ही कोण? तो गप्प. भाऊ पिशोरहून यायला दुपार झाली. तोवर हा जिन्यात बसून. आत कोणी घेईना, कारण नातं सांगता येईना." मग म्हणाल्या, "लिही, दवाखान्यात सोबत आलेल्या माणसाला नातं विचारणार नाही. नाव विचारायचं आणि स्टूल द्यायचं."

मी टाइप करत राहिले, मान वर केली नाही. घरी मी आणि माझी मैत्रीण अशा दोघी राहतो. यापेक्षा जास्त मी इथे लिहिणार नाही, सिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. बशीतली दोन बिस्किटं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "हे पत्रकात घाल. पाठवून मोकळं होण्यापुरतं नको."

बाळूभाऊनं डोक्याला हात लावला.

"मावशी, घालू. पण नगीनाच्या गल्लीपुरतं. तेवढंच पत्रक वेगळं छापतो. बाकी गल्ल्यांत कपबशी आणि ड्रेनेज."

माझ्या धंद्यातला हा नियमच होता. मीही मान डोलावली.

"तिला वचन द्यायचं आणि बाकीच्यांना कळू द्यायचं नाही?" सिस्टर म्हणाल्या. "दवाखाना काय तिच्या गल्लीत आहे? रांगेत उभे राहणार बाकीचे. त्यांना सांग. भोंग्यावर घे."

आमचा भोंगा म्हणजे सलीमभाई. त्यांच्याबद्दल बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, किती दिवसांनी येईल हेही नक्की नसतं. सलीमभाई वर्षानुवर्षं रिक्षा फिरवून पाण्याची, धूरफवारणीची, लसीकरणाची सूचना देतात. त्यांचा आवाज ऐकला की बायका मिक्सर बंद करतात, टीव्ही बंद करतात, लहान मुलांची तोंडं बंद करतात. मंत्र्याच्या भाषणाला मिळत नाही इतकी शांतता त्या आवाजाला मिळते. निवडणुकीच्या दिवसांत ते प्रचाराची कामंही घेतात. हा आवाज आपल्याला मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. मी मजकूर लिहून दिला, त्यांनी घरीच ध्वनिमुद्रण केलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून त्यांच्या रिक्षामागे जात होते तेव्हा तो मी पहिल्यांदा ऐकला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की," सलीमभाईंचा आवाज घुमला, "आरोग्य केंद्रात बाया, पुरुष, तृतीयपंथी, सर्वांसाठी एकच रांग. आधी येईल त्याचा नंबर आधी. सोबतच्या माणसाला नातं विचारलं जाणार नाही."

पहिली ओळ माझी नव्हती. मी पुढे जाऊन रिक्षा थांबवली.

"सलीमभाई, कळविण्यात येते की, हे कुठून आलं?"

ते गोंधळले. "बेटी, उसके बगैर मेरेकू शुरूच करता नहीं आता. वो तो बिस्मिल्ला है मेरा." मी हसले आणि तसंच राहू दिलं.

पुढे सिस्टरांचं नाव होतं, कपबशी होती, करून दाखवणार वगैरे सगळं होतं. पण तोवर रिक्षा पुढच्या गल्लीत पोचलेली असायची. आरोग्य केंद्रासमोरच्या वस्तीनं त्या संध्याकाळी काय ऐकलं, तर पाण्याच्या माणसानं सांगितलं की आता एकच रांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूभाऊचा फोन. "मॅडम, केंद्रावर या. लवकर या. गडबड झालीया."

आम्ही पोचलो तर गडबड काहीच नव्हती. म्हणजे तीच गडबड होती. केसपेपरच्या खिडकीसमोर एकच रांग उभी होती, बाया-पुरुष एकामागे एक. वॉचमन शेवटच्या माणसाला जागा दाखवत होता.

"कुणी सांगितलं तुला?" बाळूभाऊनं विचारलं.

"आदेश आलाय की. सलीमभाईनी सांगितलं ना काल."

खिडकीतल्या कारकुनाला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल, डॉक्टरांना वाटलं वरून आलं असेल. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. नगीना मात्र रांगेत नव्हती. ज्याच्यासाठी हे सगळं, तो पाय घरीच होता.

दुपारपर्यंत विरोधी उमेदवारानं तक्रार केली की अपक्ष बाई महापालिकेच्या नावानं आदेश काढतात. निवडणूक कार्यालयानं खुलासा मागितला. आणि संध्याकाळी कोपरा सभेत, लाइट लागले न लागले तोच, एक गृहस्थ उभे राहिले.

"सिस्टर, आमच्या बायका-पोरींना त्या लोकांच्या मागं-पुढं उभं करणार व्हय तुम्ही?"

मी भाषणाच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर ड्रेनेज होतं. सिस्टरांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"आधी खुलासा. भोंग्यावर आलं ती महापालिकेची सूचना नव्हती. ते माझं वचन होतं. कोणाची फसगत झाली असेल तर माफ करा. उद्या सलीमभाई तसं सगळ्या गल्ल्यांत सांगतील." बाळूभाऊनं डोळे मिटले. "आता तुमचं. भाऊ, तुम्ही बीपीच्या गोळ्या घ्यायला येता ना केंद्रात?"

"येतो."

"मग त्या लोकांच्या मागं तुम्हीच उभे राहणार. बायका-पोरींना मधे कामून आणता?"

हशा झाला. पण मागून एक म्हातारी उठली. सरूबाई तिचं नाव, भाजी विकते, नंतर मला चांगलीच ओळखीची झाली.

"म्या सांगते," ती म्हणाली. "बायांची रांग लई लांब असती. लेकरं आमच्या कडंला, म्हातारी आमच्या कडंला. खिडकीवाला एक बाई घेतो आन् दोन बाप्ये घेतो. आज माझा नंबर दहाच्या आत लागला, भाजी सुकायच्या आत बाजारात गेले. येक रांग कुणाची बी असू द्या, बरी हाय. मोडू नगा."

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी खुलासा सांगितला. त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की" पासून. आधीची सूचना महापालिकेची नव्हती, उमेदवाराचं वचन होतं, हे या खेपेला रिक्षा प्रत्येक गल्लीत थांबवून शेवटपर्यंत सांगितलं. मी स्वतः मागे होते.

मग आम्ही नगीनाला घेऊन केंद्रावर गेलो. सिस्टरांचा हट्ट होता, की रांग मोडली असेल तर त्या स्वतः तिच्याबरोबर दोन रांगांच्या मधे उभ्या राहतील. गाडी येते तर येऊ दे.

रांग मोडली नव्हती. दोन-तीन पुरुष बाजूला वेगळे उभे राहायला गेले, तर बायांनी त्यांना ओढून मागे घातलं. वॉचमन गोंधळला होता. "आता आदेश नाय म्हणे," तो पुटपुटला. "मग हे कोण ऐकंल?"

नगीना फाटकातच थांबली. पदर सारखा करत होती. सरूबाईनं तिला पाहिलं, नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ओरडली, "तिथं कामून उभी? माझ्यामागं ये. आन् ह्याला धर जरा, हात अवघडले माझे."

नगीनानं पोराला घेतलं. पोरानं तिच्या नथीला हात घातला. ड्रेसिंग झालं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही.

सिस्टर निवडणूक हरल्या. कितीनं ते सांगत नाही, बाळूभाऊला अजून त्रास होतो. त्याचं मत ठाम आहे की रांगेमुळे गेलो. काही घरं गेली, हे खरं आहे. मी स्वतः हिशेब करायचं सोडून दिलं. मला एकच रुखरुख आहे, की नगरसेवक म्हणून त्या सभागृहात काय बोलल्या असत्या ते मला लिहायला मिळालं नाही. मी त्यांना मुद्दे दिले असते आणि त्यांनी ते बाजूला ठेवले असते.

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी त्या आरोग्य केंद्रावर गेल्या, असं वॉचमननं सांगितलं. रांग बघितली आणि घरी गेल्या.

या पावसाळ्यानंतर मला ताप आला. उतरेना. माझी मैत्रीण मला त्याच केंद्रावर घेऊन गेली, कारण जवळ तेच. रांग एकच होती, लांब होती. मी भिंतीला टेकून, ती माझी पिशवी धरून. खिडकीशी पोचलो. कारकून नवा होता. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, मग पेन थांबलं.

"ह्या कोण तुमच्या?"

असे प्रश्न आले की मी गप्प बसते. आयुष्यभराची सवय आहे. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मागून पानाचा वास आला आणि त्यामागोमाग आवाज.

"ओ भैया. नातं विचारायचं नाय. भोंग्यावर सांगितलंय."

कारकुनानं मान वर केली. नगीनाकडे पाहिलं, तिच्यामागे उभ्या अख्ख्या रांगेकडे पाहिलं. रांगेत कोणीतरी म्हणालं, "बरुबर हाय."

त्यानं खिडकीशेजारच्या दारातून एक स्टूल बाहेर सरकवलं आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं, "ताप कधीपासून आहे?"